सी रजिस्टरमधले पाच

तनुजा साळवे छत्रपती संभाजीनगरातल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर शिकवते. कंत्राटावर. शिकवण्यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नाही, पण तिला कायम करायचा विषय काढला की सगळे मूग गिळून बसतात.

"रजिस्टर म्हणजे आपला हात," ती पोरांना सांगते. "मेमरी म्हणजे मांडणी. मांडणीवरचं काही घ्यायचं तर कुठला कप्पा ते आधी कळलं पाहिजे. तो पत्ता एच आणि एल या दोन रजिस्टरांच्या जोडीत, एचएलमध्ये ठेवायचा."

त्या दिवशी प्रॅक्टिकलला सत्यम नावाच्या पोराचं मायक्रोप्रोसेसर किट अडकलं. पाच आकड्यांची साधी बेरीज, पण उत्तर काही येईना.

"मॅडम, किटच बिघडलंय."

दरवर्षी कुणीतरी हेच म्हणतं. नाचता येईना अंगण वाकडं. तनुजानं त्याला प्रोग्राम एकेक पायरीनं चालवायला लावला. सी रजिस्टरमध्ये किती आकडे उरले याची मोजणी होती. पाचाचे चार झाले, जंप झाली, म्हणजे प्रोग्रामनं मागच्या ओळीवर उडी मारली, आणि पुन्हा पाच. शून्य झाल्यावर थांबायचं होतं, पण पठ्ठ्यानं जंपला पत्ता दिला होता पाच भरण्याच्या ओळीचाच.

"एचएल पुढं चाललंय अन् सी परत भरतंय," सत्यम म्हणाला. "हे तर लई वेळ बसलं तरी थांबणार नाय."

पोरं हसली. तनुजाला हसू आलं नाही. तिची नोकरी याच चालीनं चालली होती. दर उन्हाळ्यात नेमणुकीची ऑर्डर संपायची, चार दिवसांचा खंड पडायचा, मग हातात 'नवीन नियुक्ती'. वय वाढत होतं, सेवा मात्र दरवेळी पहिल्यापासून. यंदा कायम पद निघालं होतं, पण त्याला सलग सेवा हवी. खंड दाखवणार नाही, असा शब्द प्राचार्य साहेबराव सरांनी दिला होता.

तास संपल्यावर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून यंदाची ऑर्डर पुढं केली. टर्म संपत आली तेव्हा कुठं आलेली, आणि पुन्हा नवीन नियुक्तीच.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"संस्थेपुढं माझं काय चालतंय, मॅडम? सही करून टाका."

शब्द द्यायला काय, तोंडाचं काम. तनुजाला संताप आला. पगार थांबेल याची धास्तीही वाटली. तरी तिनं कागद तसाच टेबलावर ठेवला आणि ती उठली.

साहेबराव सर पहिल्यांदाच तिच्या मागं दारापर्यंत आले. "मॅडम, उद्या प्रॅक्टिकल परीक्षा आहे. पोरांचं काय?"

"खंड काढून ऑर्डर दुरुस्त करून ठेवा," ती म्हणाली. "वेळेवर येते."