खिळ्यावरचं खुरपं

आमच्या आत्या गिऱ्हाइकाला फ्रीजरपुढे उभं राहून विचार करू द्यायच्या नाहीत. "पावणं, आदी काय पायजे ते ठरवा, मंग झाकण उघडते. निस्तं बघायला आत काय नवरी बसलीया का?"

ओतूरच्या पेठेत आमची छोटी डेअरी आहे. चक्का, पनीर, खवा, तूप. दुकान आत्यांनी काढलं. त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आल्या, भावाच्या शेतात कांदे खुरपले आणि उतारवयात गल्ल्यावर बसल्या. लग्न होऊन आले ती मी थेट त्यांच्या हाताखाली.

कोमट पातेलं फ्रीजरमध्ये गेलेलं त्यांना चालायचं नाही. "वाफ आत कोंडली की भिताडाला बर्फ धरतो," म्हणायच्या. दुकान बंद करताना झाकणाच्या रबरात कागद अडकवून ओढून बघायच्या. कागद अलगद निघाला की रबर ढिलं झालं. एवढं करूनही लग्नसराईत बर्फ धरायचाच, कारण झाकण मिटायला सवडच नसायची.

अशाच एका उन्हाळ्यात बर्फ वीतभर चढला. दुसऱ्या दिवशी राजुरीला लग्न, श्रीखंडाचा चक्का आमच्याकडे, आणि शेवटचे डबे काही केल्या आत बसेनात. आत्यांनी पदर खोचला आणि कोपऱ्यातलं खुरपं काढलं.

"आत्या, बंद करून वितळू द्या की," मी म्हटलं.

"येवढा येळ कुठं हाय? तण काय नि बर्फ काय, बुडापासनं काढायचं."

बर्फाची ढेकळं भराभर पडली. मग फुस्स असा लांबलचक आवाज झाला आणि आत्यांचा हात जागीच थांबला. खुरप्याचं टोक बर्फामागच्या नळीत गेलं होतं. गॅस उडाला. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, आज होणार नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि चक्का आंबला तर वऱ्हाडाला काय वाढणार?

समोर शेठजींचं आइस्क्रीमचं दुकान. दुकान धुतल्याचं पाणी त्यांच्या पायरीवर जातं यावरून दोघांचा अबोला होता. आत्या आजवर कोणाच्या दारात काही मागायला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी रस्ता ओलांडून गेल्या, खुरपं हातातच.

"आत्याबाई, मारायला आलात का काय?" शेठजींनी विचारलं.

"न्हाई. माज्या हातानं माजाच फ्रीजर मारला. चक्क्याला जागा द्या. लग्नाचं जेवान हाय, शब्द दिलाय म्या."

शेठजींनी आइस्क्रीमचे कप भराभर बाहेर काढले आणि रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात ठेवायला लागले. "घ्या, घ्या, आत्याबाईंच्या खुरप्याचा प्रसाद!"

"बोला," आत्या डबे उचलत म्हणाल्या. "आज तुमचा दिस हाय."

चक्का घेऊन आत्या स्वतः राजुरीला वेळेवर पोचल्या. परत आल्यावर आत्यांनी फ्रीजरच्या वर भिंतीत खिळा ठोकला आणि खुरपं टांगलं. कोणी विचारलं की सगळी हकिगत स्वतःच सांगायच्या. "चूक झाकून ठिवली की नासक्या दुधावानी वास मारती."

तेव्हापासून दोन्ही दुकानांची एक रीत पडली. आमचा फ्रीजर वितळवायचा त्या दिवशी माल त्यांच्याकडे. त्यांचा असला की कप आमच्याकडे. पाणी बादलीत धरायचं, पायरीवर जाऊ द्यायचं नाही. बटण बंद, झाकण उघडं, आत गरम पाण्याची पातेली. एरवी दोन मिनिटं न टेकणाऱ्या आत्या त्या दिवशी स्टुलावर हाताची घडी घालून बसायच्या. मी लुडबुड केली की म्हणायच्या, "बस गं. त्याचा त्यो सुटतोय."

गेल्या हिवाळ्यात आत्या गेल्या. दुकान बंद ठेवावं लागणार होतं. मालाचं काय, हे मला सुचायच्या आधीच शेठजी येऊन डबे उचलायला लागले होते. जाताना खुरप्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता भांडायचं कुणाशी?"

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा नवरा म्हणाला, "ते गंजलेलं खुरपं काढू का? आत्यांच्या घरच्या सामानात ठेवतो."

मी नको म्हटलं. आठवण म्हणून नव्हे. आठवणीला आत्यांचा फोटो आहे. पण लग्नसराई येते, बर्फ चढतो, डबे बसत नाहीत आणि माझा हात सुरीकडे जातो. तेवढ्यात वर नजर जाते.

मी सुरी ठेवते आणि पाणी तापत टाकते.