व्हायरस आणि भाऊजी

आमच्या बायांच्या बचत गटात एक जण किस्सा सांगायला बसली की दुसरी तो अर्ध्यातच ओढून घेते, म्हणून मीच लिहून टाकते. रामटेक रोडला आमची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे, बारीक जाळीच्या नेटमध्ये. मागच्या साली व्हायरसनं पानं चुरमडली, सगळी रोपं जाळावी लागली. यंदाही गेली तर नर्सरी बंद, अन् आम्ही परत दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं तण निंदायला.

*

पहिले कळमन्याजवळच्या एका कृषी केंद्रात गेलो. दुकानदार म्हणे, "हे फवारा, व्हायरस खल्लास."

मी म्हटलं, "अन् नाही मेला तं?"

"डबल डोस मारा."

"तरीबी नाही मेला तं?"

"मंग व्हायरसच डुप्लिकेट असंन, काकू."

*

मग नागपूरहून शिकवायला एक मॅडम आल्या. व्हायरसला औषध नाही म्हणाल्या. त्याला आणणारी पांढरी माशी थांबवा. "व्हायरसजवळ स्वतःचं काहीच नसतं. पानात शिरतो अन् पानाच्याच सामानातून आपल्यासारखे हजारो बनवतो. पान उपाशी."

आमची वनमाला म्हणाली, "मॅडम, असा एक आमच्या गटात आहे."

अध्यक्षबाईचे मिस्टर तिथंच आमचा चहा पिऊन राहिले होते. पद बायकोचं, खुर्ची यांची. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो.

*

माशी धरायला नेटमध्ये पिवळे चिकट कागद टांगले. माश्यांनी गच्च भरले. भाऊजींनी सगळे काढून फेकले. काहून?

"कृषी खात्याचे साहेब येऊन राहिले. घाण दिसते."

*

मॅडमनी नव्या जातीच्या थोड्या रोपांना मुद्दाम रोग लावून पाहिला. पानांवर बारीक डाग पडले, अन् मॅडम खूश! पान व्हायरसच्या भोवतीचा आपलाच तुकडा मारून त्याला तिथंच कोंडतं, बाकी रोप वाचतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भाऊजींनी नेमकी तीच रोपं उपटलेली.

"डागवाला माल कोण घेईन?"

वनमाला म्हणाली, "लढणारं दिसलं की तुमचा हात जातेच, भाऊजी."

*

शेवटी साहेब आले, गालात तंबाखूचा खर्रा. तंबाखूतून येणारा एक व्हायरस बोटांना चिकटून राहतो, हात लागला की रोपात जातो. दुधात हात बुडवले तर त्याचा जोर जातो, म्हणून मॅडमचा नियम: दुधात हात, मगच रोपाला हात. साहेबांना फोटोसाठी रोप धरायचं होतं.

भाऊजी म्हणाले, "धरू द्या वं, एका रोपानं काय होते?"

मी गुपचूप दुधाचं घमेलं आणून साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी घमेल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, अन् गहिवरले. "एवढं कशाला, ताई," म्हणत खुर्चीवर बसले, बूट-मोजे काढले अन् दोन्ही पाय दुधात सोडले. मग हसत हसत रोपाकडे हात नेला.

मी तो हात मनगटाला धरला, खाली ओढला अन् पायांजवळ दुधात दाबून ठेवला.

फोटो नेमका तेव्हाच निघाला.