अण्णा, सनई आणि बारा दिवस आधी गाठलेला आर्मेनियन नाताळ

चाकणच्या आमच्या कंपनीत डिसेंबरअखेर शटडाऊन असतो. सगळे गोव्याला पळतात. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन कोलकात्याला निघालो. तिथल्या आर्मेनियन लोकांचं नाताळचं संगीत ऐकायला. हसू नका. भोसरीत अण्णा आणि थोरले काका तात्या चाळीस वर्षं लग्नांत सनई वाजवायचे. चाल तात्यांची, खालचा अखंड सूर अण्णांचा. चैत्रात तात्या गेले आणि अण्णांनी सनई कपाटात टाकली. "नुसत्या सुराला कोण इचारतंय?" आर्मेनियन लोकांच्या दुदुक नावाच्या सनईसारख्या वाद्यालाही असाच सूर धरणारा जोडीदार लागतो, हे मी मोबाइलवर पाहिलं. वाटलं, अण्णा पुन्हा वाजवतील तर यानेच.

पुणे-हावडा दीड दिवस. स्लीपरमध्ये थंडी मरणाची, चादर न्याच. हावड्याहून फेरीबोटीने नदी ओलांडा, टॅक्सीवाल्याशी भांडण वाचतं. लुची-आलूदम हाणून पंचवीस तारखेला सकाळी जुन्या आर्मेनियन चर्चमध्ये हजर झालो. चिटपाखरू नाही.

"हमारा क्रिसमस छे जनवरी को होता है," बाकावरचे एक आजोबा म्हणाले. कंपनीत दहा वर्षं माल तपासून दुसऱ्यांच्या चुका काढतोय, पण तारीख तपासायचं सुचलं नाही. अण्णा म्हणाले, "सायेब, तुमचा माल रिजेक्ट."

आजोबांचं नाव आराम. पूर्वज इराणहून आलेले. कीव येऊन त्यांनी घरी चहाला नेलं आणि दुदुक काढला. सूर धरणारा मित्र ऑस्ट्रेलियात गेलेला, म्हणून मोबाइलवर सूर लावला.

"ह्यो सूर हाय व्हय? पाण्याची मोटार हाय नुसती," अण्णा करवादले. मी भाषांतर टाळलं, पण आराम समजले. त्यांनी दुसरा दुदुक पुढे केला. अण्णांनी फुंकताच आधी म्हैस रेकल्यासारखा आवाज निघाला. मग अण्णांनी गाल फुगवले, नाकानं श्वास घेत राहिले आणि सूर बसला. आरामनी चर्चमधलं एक स्तोत्र वाजवलं, मग लग्नातली एक चाल. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर तुटला नाही. मी तर सरळ रडलो.

परतीच्या दिवशी अण्णांनी बॅग भरलीच नाही.

"मी न्हाई येत. सहा तारखेला ह्यांचा सण हाय, सूर कोन धरनार?"

आरामनी आधीच खोली झाडून ठेवली होती.

निगडीच्या घरी एकटाच पोचलो. आईनं दार उघडून माझ्या मागे पाहिलं. "आन् ह्ये कुटंयत?"

सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं.

"वाजवतात का?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत एकाच ताटाची तयारी करू लागली.