श्रीधरचं गाणं

मेधाचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ घेऊ लागला आणि आतून टकटक ऐकू येऊ लागली, तेव्हाच मी ओळखलं की त्याची हार्ड डिस्क आता जाणार.

"आधी काय वाचवू?" मी विचारलं.

"श्रीधरचं गाणं," ती लगेच म्हणाली.

श्रीधर तिचा पहिला नवरा. तो वारल्यावर काही वर्षांनी आमचं लग्न झालं.

मी बाहेरची डिस्क जोडून कॉपी सुरू केली. पडद्यावरची पट्टी जरा पुढे सरकायची आणि अडकायची. मग सगळं बंद करायचं, मशीन गार होऊ द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. मेधा शेजारी बसून त्या पट्टीकडे अशा नजरेनं पाहत होती, की मी तापानं फणफणलो होतो तेव्हाही माझ्या वाट्याला ती नजर आली नव्हती.

जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं. श्रीधर आता घोरत नाही, काही विसरत नाही, त्याचे केसही पिकत नाहीत. डिस्क आत्ताच गेली तर मला कोण दोष देणार, असं क्षणभर मनात आलं. हात मात्र जपूनच काम करत राहिले.

अखेर सगळं उतरलं. खात्रीसाठी मी एक फाइल लावली. गाणं चांगलंच बेसूर होतं. मध्येच तो हसला, आणि त्याच्याबरोबर मेधाही. तिचं ते हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"पूर्ण ऐकूया?"

"आत्ता नको. तू बाहेर गेलास की ऐकेन."

मी उठलो आणि चपला घातल्या.