एझ्राच्या नावावर एक तरी पाप

एझ्रा नागावकर माझ्या आयुष्यात आला तो रस्ता अडवून. अकोल्याच्या जुन्या शहरातला भाजीबाजार, शुक्रवारची संध्याकाळ, आणि ऐन गर्दीत मधोमध थांबलेली त्याची बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची. मागे दोन ऑटो, एक केळ्यांचा ठेला, एक म्हैस आणि म्हशीमागे तिचा मालक. म्हैस सोडून सगळे ओरडत होते. खुर्चीतला मुलगा मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखा बसला होता.

"बॅटरी संपली का?" मी विचारलं.

"नाई. फुल्ल हाय."

"मग?"

"सूर्य मावळला," तो म्हणाला.

मी तेव्हा अकरावीत होते. मोर्शीजवळच्या आमच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आले होते, आणि कुणी आडमुठा दिसला की त्याला सरळ करणं आपलंच काम आहे असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. मी म्हटलं, मावळला तर मावळला, खुर्चीचं बटण दाब आणि बाजूला हो. त्यावर त्याने मला रस्त्यातच शांतपणे समजावून सांगितलं, की तो ज्यू आहे, शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शनिवार लागतो, आणि शनिवारी विजेचं बटण दाबायचं नसतं. "आता तूच ढकल असं मले तुले सांगता येत नाई. दुसऱ्याले काम सांगनंबी बसत नाई त्याच्यात. पन रस्ता मोकळा झाला तर म्हशीले बरं वाटीन."

मी खुर्चीमागचा दांडा शोधला आणि त्याला घरापर्यंत ढकलत नेलं. वाटेत त्याने एकदाही डावीकडे वळ किंवा उजवीकडे वळ म्हटलं नाही. "नागावकरायचं घर तिकडल्या बोळीत हाय म्हनते लोकं," एवढंच म्हणाला.

पुढची दोन वर्षं माझे सगळे शनिवार त्याने खाल्ले.

नागावकर मूळचे कोकणातले बेने इस्राएल ज्यू. काकांची, म्हणजे एझ्राच्या वडिलांची, सरकारी नोकरी, बदलीवर अकोल्याला आले आणि इथलेच झाले. काका अजून स्वच्छ कोकणी वळणाचं बोलायचे, पण एझ्रा इथेच जन्मलेला, त्यामुळे मोशे आणि अब्राहाम यांच्याबद्दल तो शेजारच्या वावरातल्या माणसांसारखा बोलायचा. जन्मताना त्याला प्राणवायू कमी पडला होता. दोन्ही पाय आणि डावा हात त्याचं ऐकत नसत. जीभ मात्र दोघा जणांची मिळून त्यालाच दिली होती.

त्याचा धर्म त्याने मोबाईलवर शिकलेला होता, घरात कुणी शिकवलेला नव्हता. म्हणून तो फार कडक होता. शनिवारी तो मागायचा काहीच नाही, नुसतं हवेत बोलायचा. "आज पंखा फिरून नाई राहिला." यात पंखा लाव हे ओळखायचं असतं. मी ओळखायचे. शनिवारी मी त्याला आमच्याकडे आणायचे, आणि माझी मामी सरळ बाई. ती वर बघायची, "हो ना बाप्पा, नाई फिरून राहिला," म्हणायची आणि भाजी निवडत बसायची. अर्ध्या तासाने एझ्रा घामाने ओला. मग मामी चिडायची. "अरे, तोंडानं सांग ना लेका!"

"मी मागून नाई राहिलो मामी, सांगून राहिलो."

"मंग मीबी आयकून राहिली."

बाकीचे सहा दिवस तो सगळ्यांना कामाला लावायचा. आम्ही एकाच वर्गात होतो आणि आमची जीवशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. चार मुलं त्याला खुर्चीसकट उचलून न्यायची आणि हा वरून रहदारी सांभाळायचा. "डावीकडचा, उंच धर. अन् गोऱ्या, तू चुपचाप चाल." मुलांना त्याचा राग येत नसे याचं मला नवल वाटे. एकदा परीक्षकांनी विचारलं, बेडकाचं हृदय दाखव. तो म्हणाला, "सर, बेडूक आमाले चालत नाई. तुमीच दाखवा, मी नाव सांगतो." सरांनी खरंच दाखवलं.

घरात मात्र हा वाघ गप्प असायचा. आई इस्राएलला, अश्दोद नावाच्या गावात होती. तिला सगळ्यांनीच तिकडे जायचं होतं, काकांना नव्हतं. एझ्रा तेरा वर्षांचा असताना भांडण टोकाला गेलं आणि ती मुलीला घेऊन निघून गेली. तिकडे ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. "दुसऱ्यांचे म्हातारे उचलायला वेळ आहे तिला," काका म्हणायचे, "याला कधी उचलणार?" म्हणून त्यांनी एझ्राला पाठवला नाही. सकाळचा संडास, अंघोळ, पायांचे व्यायाम, जेवण, सगळं ते एकटे करायचे, आणि करताना एक शब्द बोलायचे नाहीत. देवाशी तर त्यांनी कधीच बोलणं सोडलं होतं. एझ्रा लहान असताना त्यांनी एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताला मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस केला होता, पोरगा चालू दे म्हणून. पोरगा चालला नाही. काकांनी पुन्हा प्रार्थनेची टोपी घातली नाही.

बारावीच्या दिवाळीत एझ्राने मला त्याचं दुखणं सांगितलं. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा एक सोहळा होतो, बार मिट्झवा. मुलगा दहा पुरुषांसमोर तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचतो आणि मोठा ठरतो. एझ्राच्या तेराव्या वर्षी पायांचं ऑपरेशन आणि आईबापांची भांडणं एकदमच निघाली, सोहळा राहून गेला. "वाचनाचं काई नाई," तो म्हणाला, "मले सगळं पाठ हाय. पन त्या दिवशी बापानं सगळ्यायसमोर एक वाक्य म्हनाचं असते. या पोराच्या चुकायची शिक्षा आजपासून माह्यावर नाई, देवा तुहे उपकार. मले तेवढं वाक्य पाह्यजे, प्रांजू. पप्पाच्या तोंडून."

काका त्यासाठी त्याला मुंबईच्या प्रार्थनामंदिरात न्यायला तयार नव्हते. तेव्हा एझ्राने दहा ज्यू पुरुष अकोल्यात गोळा करायचं ठरवलं. म्हणजे मी गोळा करायचे. त्या दहांत बाई धरत नाहीत हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन हातात घेतला, कारण त्याने म्हटलं होतं, "कोनाचा तरी फोन रिकामा पडून राहिला."

एझ्राचं तर्कशास्त्र असं, की त्यांच्यातली आडनावं 'कर'वर संपतात. तेव्हा अकोला-अमरावतीतल्या सगळ्या 'कर' लोकांना फोन करायचा. वऱ्हाडात 'कर' किती आहेत याची मला तोवर कल्पना नव्हती. "काका, तुम्ही ज्यू आहात का?" "काहून? काई योजना आली काय?" दुसऱ्याने विचारलं, फॉर्म कुठं भरायचा. त्यांच्या लोकांना कोकणात पूर्वी शनवार तेली म्हणायचे, कारण तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून मी एका तेलाच्या घाणीवाल्याला विचारलं, तुम्ही शनिवारी बंद असता का? तो म्हणाला, "सोमवारी. पन तुह्यासाठी शनिवारी ठेवतो बंद, सांग किती पिंप पाह्यजे."

शेवटी अमरावतीचे एक निवृत्त दंतवैद्य सापडले आणि बडनेऱ्याचे रेल्वेतले एक म्हातारे गार्ड. ते दोघे एकमेकांना तीस वर्षं ओळखत होते आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा ख्रिश्चन आहे. ठाण्याहून एक हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पाच जणांना आणि तोराची गुंडाळी घेऊन यायला तयार झाले. सहा न् दोन आठ, नववा एझ्रा, दहावे काका. तोरा गुरुवारीही वाचतात, म्हणून गुरुवार सकाळ ठरली, नागावकरांच्याच घरी.

गुरुवारी गाडी दोन तास उशिरा आली आणि नेमका तेव्हाच नळ आला. आमच्या भागात पाच दिवसांआड पाणी यायचं. त्या दिवशी लग्न असो की मयत, आधी पाणी भरायचं हा नियम. गाडी उशिरा आहे कळल्यावर माझ्या मामांना राहवेना. मामा मोझरीच्या आश्रमाच्या वळणाचे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी न चुकवणारे. ते उठले आणि भजनी मंडळाची अकरा माणसं पांढऱ्या टोप्या घालून घेऊन आले. बारावे आमचे गादीवाले रहीमचाचा. "इब्राहीम तो हमारे भी हैं," म्हणत तेही खांद्यावर रुमाल टाकून बसले.

तेवढ्यात ठाणेकर पोचले. हझान दारात चपला काढताना आत बघतात तो खोली टोप्यांनी भरलेली. त्यांचे डोळे पाणावले. "अकोल्यात आपली एवढी माणसं!"

खरा प्रकार सांगितल्यावर ते ओशाळून म्हणाले, ही मंडळी धरता येणार नाहीत. मामांना हे पटेना. "काहून? मानसं नाई का हे? मोजा. एक, दोन, तीन..." हझानांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, दहा शब्दांचं एक वचन म्हणून एकेका शब्दाला एकेक माणूस धरतात. त्यांनी तसं धरलं. वचनातला शेवटचा शब्द उरला.

काका खोलीत नव्हते. मागच्या अंगणात नळाला पाइप लावून टाकी भरत उभे होते. स्वयंपाकघरात मामी मलिद्याचे पोहे भिजवत होती आणि डब्याला टेकवलेल्या फोनमधून एझ्राची आई तिला गूळ किती ते सांगत होती. बायकोचा आवाज ऐकू येऊनही काका मागे वळले नाहीत.

मामांना उपाय एका क्षणात सुचला. "धरत नाई ना आमाले? मंग नळ आमच्याकडं द्या." अकरा भजनी आणि रहीमचाचा यांनी टोप्यांसकट अंगणात रांग लावली. हंडे, बादल्या, पातेली हातोहात टाकीकडे जाऊ लागली, वर भजनाचा ताल सुरू झाला. काकांच्या हातातला पाइपही कुणीतरी घेतला. त्यांना लपायला आता काही उरलं नाही.

एझ्राने खुर्ची मागच्या दारापर्यंत आणली. मी त्याच्या मागेच उभी होते.

"मी देवासमोर खोटं बोलणार नाही," काका म्हणाले. "उद्या सकाळी तुला उचलणार कोण? मीच ना? मग कशातून मोकळा झालो मी?"

"उचला ना तुमीच."

"आणि हे वाक्य म्हटलं की तू आईकडे जायचं म्हणशील. मला कळत नाही असं वाटतं तुला?"

 एझ्राने हे मलाही सांगितलं नव्हतं. "म्हनीन," तो म्हणाला. "कदाचित तिथं जाऊन पस्ताईन. पन पस्तावा माह्या नावावर पाह्यजे, पप्पा. सतरा वर्स झाले, माह्या नावावर एक पाप नाई. चूक झाली तरी लोकं तुमच्याकडं पाहाते. शाळेत मी कोनाले शिवी देल्ली तर सरानं माफी तुमाले मागाले लावली. एक तरी पाप माह्या नावावर करून द्या."

काकांनी ओले हात पँटला पुसले आणि आत जाऊन हझानांनी पुढे केलेली टोपी डोक्यावर घातली.

एझ्राने वाचलं. जीभ दोनदा अडकली, त्याने दोन्हीदा ते शब्द पहिल्यापासून घेतले. मग हझानांनी काकांकडे पाहिलं. अंगणातला ताल थांबला, पाणी पडत राहिलं. काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ते वाक्य हिब्रूत म्हटलं, न अडखळता, अगदी हळू. एवढी वर्षं ते विसरले नव्हते. फोनमधून आई मोठ्याने रडली. मामीने मलिद्यात गूळ दुप्पट टाकला आणि मीही दाराआड उभी राहून हुंदके देत होते, दहांत धरलेली नसले तरी.

एझ्रा खरंच गेला. पुढच्या उन्हाळ्यात, अठराव्या वर्षी. कागदपत्रं त्याने स्वतः केली, प्रत्येक अर्जावर वाकडीतिकडी सही स्वतः ठोकली. मला फार राग आला होता त्याचा. जाऊ नको म्हणावंसं वाटत होतं, पण ते म्हणायला मी कोण?

अकोल्याच्या फलाटावर गाडी जेमतेम चार मिनिटं थांबते. ठाण्याचा एक चुलतभाऊ सोबत होता. मामा आणि मंडळातल्या चौघांनी खुर्ची आत चढवली. काका घाईघाईने डब्यात चढले. त्यांच्या हातात शिवलेले फुलस्केप कागद होते, अकरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. किती वाजता उठवायचं, कुठला पाय आधी वाकवायचा, ताप आला की काय द्यायचं, घास कसा द्यायचा. सतरा वर्षांत त्यांनी जे न बोलता केलं ते सगळं त्यात होतं. वर लिहिलं होतं, 'सौ. नागावकर यांस.'

चुलतभावाने कागद घ्यायला हात पुढे केला. काकांनी ते दिले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी ते नाव खोडलं आणि कागद एझ्राच्या मांडीवर ठेवले.

"अकरा पानं?" एझ्रा म्हणाला. "पप्पा, मी मानूस हाव का म्हैस?"

काका त्याच्या केसांवरून हात फिरवून खाली उतरले. गाडी हलली. एझ्रा खिडकीतून दिसेनासा होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग काका एकदम दचकले.

"त्याला उजव्या बाजूचा वारा लागला की कान दुखतो. ते लिहायचं राहिलं."

मी फोन काढला. "लावू का त्याला? अजून रेंज असेल."

त्यांनी माझा हात धरून फोन खाली केला.

"नको," ते म्हणाले. "कळेल त्याचं त्याला."