अवनी प्रार्थनेचा विषय झाली

अवनी आता आपल्याला खरं काही सांगणार नाही, ही धास्ती सरोजिनीच्या मनातून काही केल्या जात नव्हती. पोरगी पुण्यात होती, नोकरी बरी होती, तब्येत चांगली होती. फोन केला की उचलायचीही. "जेवलीस?" "हो." "ऑफिस?" "ठीक." "रविवारी चर्चला गेलीस?" यावर मात्र, "मम्मी, मीटिंग आहे, ठेवते." रविवारी दुपारी कसली मीटिंग, हे विचारायचा हक्क आपणच घालवलाय, हे सरोजिनीला पक्कं ठाऊक होतं.

तशी अवनी लहानपणापासून बोलकी. इकडं गावी, मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. नाताळच्या करंज्या गल्लीभर वाटायचं काम अवनीचं, आणि गणपतीत शेजारच्या काकूंच्या मोदकांचा फडशा पाडायचं कामही तिचंच. संडे स्कूलमध्ये ती बायबलची वचनं घडाघडा म्हणायची आणि लगेच हात वर करायची. "बाई, आमच्या शेजारच्या काकू मला रोज खाऊ देतात. त्या स्वर्गात येणार नाहीत का?" बाईंनी पुढचं वचन म्हणायला लावलं. घरी येऊन तिनं तोच प्रश्न आईला घातला. सरोजिनी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली, पण तीही म्हणाली, "मोठी झालीस की कळेल." अवनी मोठी झाली, पेटी शिकली, उपासनेत गाण्यांना साथ करू लागली. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि त्याच्या पाठीवर आणखी चार आले.

महापुराच्या वेळी चर्चच्या हॉलमध्ये पाण्यातून बाहेर काढलेली कुटुंबं राहायला होती. तेव्हा नुकती बारावी झालेली अवनी तिथंच तळ ठोकून होती. संयोगिता नावाची एक बाई, जिचं घर पत्र्यापर्यंत बुडालेलं, भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, "देव हाय म्हणता की तुमी. मग माझ्याच घरात पाणी का घातलं त्यानं?" चर्चच्या मंडळीचे पंच आण्णा, निवृत्त हेडमास्तर, घसा खाकरून समजवायच्या तयारीला लागले. तेवढ्यात अवनी म्हणाली, "मला पण नाही कळत, वहिनी," आणि तिच्याशेजारी बसून लसूण सोलू लागली. आण्णांना ते आवडलं नाही. सरोजिनीलाही ओशाळल्यासारखं झालं. पंचांच्या देखत 'कळत नाही' म्हणायचं म्हणजे काय?

गेल्या नाताळच्या सुट्टीत, करंज्या तळताना, अवनी हळूच म्हणाली, "मम्मी, मला हल्ली प्रार्थना होत नाही. डोळे मिटते, पण कुणी ऐकतंय असं वाटत नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, ज्याचं त्याचं खरं वेगळं. ते मला पटत नाही. आणि आपलंही पूर्वीसारखं पटत नाही. एवढ्यात कुणाला सांगू नको."

सरोजिनीनं कुणाला सांगितलं नाही. फक्त मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या गुरुवारच्या घरप्रार्थनेत, "प्रार्थनेचे विषय सांगा" असं आण्णांनी म्हटल्यावर ती उठून उभी राहिली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माझ्या अवनीचा विश्वास डळमळलाय, तिच्यासाठी प्रार्थना करा." तिच्या लेखी ते सांगणं नव्हतंच. ती प्रार्थना होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अवनीच्या फोनवर वचनांची रीघ लागली. आण्णांनी तर ऐन ऑफिसच्या वेळात फोन करून विचारलं, "पुण्याचं पाणी लागलं काय गं तुला?" संध्याकाळी अवनीचा फोन आला. "मम्मी, मी तुला सांगितलं होतं. मंडळीला नव्हे." आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं.

असेच काही महिने गेले. मग एके दिवशी मंडईत संयोगिता भेटली, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत.

"काय ओ ताई, वाळलासा की! अवनी बरी हाय म्हणा. परवाच बोललो आमी."

"तुझ्याशी? परवा?"

"व्हय. भांडतो की फोनवर. ती म्हणती देव हाय का न्हाय कळंना, मी म्हणतो हाय. माझं डोस्कं खाती. म्हटलं, तुझ्या आईसंगट भांड की बाई, ती शिकलेली हाय."

"मग? काय म्हणाली?"

संयोगितानं जुडी खाली ठेवली. "राग मानू नगासा. म्हणाली, आईला सांगितलं की सगळ्या चर्चला सांगितल्यागत हुतंय."

सरोजिनी ती जुडी उगाच उलटसुलट करू लागली. संयोगितालाच राहवेना. "पर आयका की. माझ्या आईचं कागलला ऑपरेशन झालं, तवा लई घाबरलोतो मी. हिला फोन लावला. म्हटलं, तुमच्यातलं कायतरी म्हण माझ्या आईसाठी. तर म्हणाली, 'वहिनी, मला स्वतःसाठी जमत नाही. तुमच्या आईसाठी करून बघते.' आणि केली की! लई येळ केली. शेवटाला स्वतःच रडाय लागली. मग मीच तिला गप्प केली. आईला ऑपरेशन, आणि समजूत हिची!"

दोघी हसल्या. घरी येईपर्यंत सरोजिनीचे डोळे दोनदा भरून आले. पोरीनं सगळं सोडून दिलं असं धरून ती चालली होती, आणि पोरगी तर अजून झगडत होती. फक्त आपल्याला वगळून.

त्या गुरुवारी आण्णांनी विचारलंच. "अवनीचं कुठवर आलं? नीट कळलं म्हणजे नेमकी प्रार्थना करता येईल."

"तिचं ती सांगेल, आण्णा, तिला वाटलं तर. मागं मी इथं बोलले ते माझं चुकलं. आज माझ्यासाठी प्रार्थना करा. पोरीनं काही विचारायच्या आत मला उत्तर सुचतं, ते जरा आवरावं म्हणून."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आण्णा ताठ झाले. "म्हणजे पोरांनी वाट्टेल ते विचारावं आणि आपण तोंड मिटून बसावं? बाहेर जग कुठल्या कुठं चाललंय, सरोजिनीबाई. आपणच सत्य सांगायचं सोडलं तर सांगणार कोण?"

"सोडायचं नाहीच, आण्णा. माझा विश्वास आहे तिथंच आहे. पण पोरगी माझ्याशी बोलेनाशी झाली, तर सत्य सांगू कुणाला? भिंतीला?"

आण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याला पुसत बसले. तो पुसतच म्हणाले, "राजवीर आमचा घरी येत नाही. मी त्याला काय काय सांगितलं, ते सगळं आठवतं मला. त्यानं काय काय विचारलं, त्यातलं एकही आठवत नाही." राजवीर म्हणजे त्यांचा धाकटा. त्याचा विषय त्यांनी घरप्रार्थनेत आजवर काढलेला नव्हता. मग त्यांनीच प्रार्थना केली, नेहमीपेक्षा पुष्कळच आखूड, आणि त्यात कुणाचंही नाव घेतलं नाही.

घरी आल्यावर सरोजिनीनं कुकर लावला आणि मोबाईल हातात घेतला. मेसेज टाकावा असं आधी वाटलं. पण मेसेजला अवनी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी होईल. फोनच करायचा. चर्चचं काढायचं नाही. आधी माफी मागायची, आडवळणं न घेता. मग म्हणायचं, तुला काय काय पटत नाही ते सांग, हे माझ्यापाशीच राहील, मी मध्ये बोलणार नाही. मध्ये न बोलणं आपल्याला जमेल की नाही, याची तिला अजिबात खात्री नव्हती.

कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसली आणि अवनीचा नंबर लावला.