घासलेले खडे

माझा धाकटा भाऊ वेल्डर. दिवस ठिणग्यांत काढायचा आणि संध्याकाळी मागच्या खोलीतल्या सिमेंटच्या टाकीपाशी स्टूल टाकून बसायचा. लग्न केलं नाही. काळ्या शेपटीचे मासे मात्र चौदा वर्षं पिढ्यान्‌पिढ्या वाढवले, एका जोडीपासून. "माझी नातवंडं," म्हणायचा.

गेल्या महिन्यात कामावर त्याचे डोळे भाजले. दोन्ही डोळ्यांवर तीन आठवडे पट्टी. मी थोरली बहीण, सांभाळायला आले. मला घाण खपत नाही, आणि हे मी आजवर मिरवत आले. पहिल्याच सकाळी टाकीला जोडलेली गाळणीची बादली उघडली. आत खडे, बुळबुळीत, तपकिरी. शी! ब्लीचिंग पावडर घालून एकेक खडा घासला, खळखळून धुतला, उन्हात वाळवून परत भरला. त्याला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

चौथ्या दिवशी पाणी आरशासारखं स्वच्छ होतं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मी धाकट्याला सांगितलं.

"ताई, गाळणीला हात लावलास?"

"खडे घासले चांगले."

त्याने कपाळावर हात मारला. मग हळूहळू सांगत गेला. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. खड्यांवरच्या त्या बुळबुळीत थरात जिवाणू राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते टाकीतल्या वनस्पती खातात. ओढ्यात, रानातल्या मातीत हेच चालू असतं, कुणी न सांगता.

"माझे सगळे कामकरी मारलेस गं," म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने सांगितलं तसं रोज निम्मं पाणी बदललं. ओढ्यातले खडे आणले, न धुता गाळणीत घातले. पण जिवाणू वाढायला आठवडे लागतात. रोज सकाळी मी मेलेले मासे काढून परसात पुरत होते. पलंगावरून तो विचारायचा, "आहेत ना?"

"आहेत की," मी म्हणायचे. शेवटचा पुरला त्या दिवशीही हेच म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

पट्टी सुटायच्या आदल्या दुपारी तो भिंत धरत टाकीपाशी गेला. चिमूटभर खाणं टाकून त्याने कान दिला. मासे खाताना चुपचुप आवाज येतो. आला नाही.

"पोट भरलंय त्यांचं," मी म्हटलं.

तो गाळणीत हात घालून एक खडा अंगठ्याने बराच वेळ चाचपत राहिला.

"धरलाय थर," म्हणाला. "आता जगले असते."

 मग म्हणाला, "खाणं बंद करू नकोस, ताई. ते कुजून अमोनिया झाला तरच हे जिवाणू जगतील. नाहीतर हेही उपाशी मरतील."

रिकाम्या टाकीत मी रोज चिमूटभर खाणं टाकते.